बाजूला होणारी बाई

सायकलच्या शर्यतीत एक बाई असते. ती सगळ्यांच्या पुढे, वाऱ्यात डोकं खुपसून, जीव खाऊन पॅडल मारत असते. शेवटची रेघ दोनशे मीटरवर आली की ती मुकाट्याने उजवीकडे सरकते. मग तिच्या पाठीमागे इतका वेळ लपून बसलेली दुसरी बाई ताज्या पायांनी सुसाट सुटते, जिंकते, पदक गळ्यात घालते आणि फोटोत हसते. पहिली बाई फोटोत नसते. ती तोपर्यंत अकरावी नाहीतर चौदावी येऊन रस्त्याच्या कडेला बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत असते.

ही गोष्ट त्या पहिल्या बाईची. क्लबात तिला सगळे ढाल म्हणायचे. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव तिलाही होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापलीकडे फारसं कुठे गेलं नाही.

यात तिच्यावर अन्याय वगैरे झाला असं कुणी लगेच समजू नये. सायकलच्या संघात कामाची वाटणीच अशी असते. वेगात जाणाऱ्याची अर्धी ताकद वारा खातो. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं, की झळ पुढच्याला लागते आणि मागचा मजेत जातो. म्हणून संघात एक जिंकणारी ठरवतात आणि बाकीच्या तिच्यासाठी वारा कापतात. लोक संध्याकाळी हौसेने वारा खायला बाहेर पडतात. ढालीने तो बारा वर्षं ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने खाल्ला.

तिच्या मागे लपणारी जी होती तिला कॅप्टन म्हणायचे. उंच, काटक, आणि आवाज असा की तिने हळू बोलायचं ठरवलं तरी पलीकडच्या गल्लीतली खिडकी उघडायची. पुढे तिने मोटार शिकवायची शाळा काढली ती याच भांडवलावर. बारा वर्षांत तिने स्वतःच्या नवऱ्याचं तोंड जितकं पाहिलं नसेल तितकी ढालीची पाठ पाहिली होती.

दोघींना तयार करणारे सर भारी शिस्तीचे. रेघेच्या दोनशे मीटर आधी पाटी लावायची, पाटीपर्यंत ढालीने ओढायचं, पाटी आली की उजवीकडे व्हायचं, आणि डावीकडून कॅप्टनने निघायचं. हा सराव रोज पहाटे वीस वेळा. आजारी असलं तर दहा वेळा. सर म्हणायचे, ‘‘पाटी डोळ्यांनी बघायची नाही. पायांना कळली पाहिजे.’’ ढालीच्या पायांना ती इतकी कळली, की सर गेले, क्लब मोडला, तिथे गोदाम उभं राहिलं, तरी पायांनी काही ती गोष्ट सोडली नाही.

आता ती सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत काम करते. तळघरात. चार मोठाली यंत्रं दिवसभर पोटात चादरी घुसळत असतात. त्यांतून निघालेलं कापड वाफेच्या इस्त्रीखालून जातं आणि मग लांब टेबलाशी दोघीदोघींनी उभं राहून घड्या घालायच्या. ढालीच्या हातची घडी बघण्यासारखी असते. पण मागून कुणी ढकलगाडी घेऊन आलं, की ती वळूनही न बघता उजवीकडे सरकते. बसच्या रांगेत मागच्याचा श्वास मानेला लागला की सरकते. पोस्टात एकदा तिच्यामागे एक दमेकरी आजोबा उभे होते. त्यांना पुढे जायला ती सरकली, त्यांच्या मागच्यांनाही वाटलं की हिला पुढे जायचं नसावं, आणि बाईसाहेब एका पाकिटासाठी दीड तास पोस्टात होत्या. तिचा नवरा चष्म्याच्या काचा घासायचं काम करतो, माणूस शांत आहे. तो एवढंच म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी मी येतो. आपण तुझ्या मागे मला उभं करू. निदान घरातला माणूस तरी पुढे जाईल.’’

हसण्यावारी नेण्यासारखंच सगळं होतं, आणि ढाल नेतही होती. फक्त एक गोष्ट तिने हसण्यावारी नेली नव्हती, कारण ती कुणाला सांगितलीच नव्हती.

शेवटच्या मोठ्या शर्यतीत, बावीस वर्षांपूर्वी, एकशे दहा किलोमीटर झाल्यावर दोनशे मीटरची पाटी आली आणि ढाल सरकली नाही. पायांत त्या दिवशी काय शिरलं होतं कोण जाणे. दुखत नव्हतं, धाप नव्हती, रेघ समोर दिसत होती आणि पुढे कुणी नव्हतं. तिने मनात म्हटलं, आज नाही. दहा पॅडलं ती तशीच गेली. मग मागून कॅप्टनची आरोळी आली, ‘‘सरक!’’ आणि बारा वर्षांची सवय, ढाल सरकली. कॅप्टन जिंकली. ढाल अकरावी आली. तिच्या आयुष्यातला सगळ्यात वरचा नंबर तो. त्यानंतर महिन्याभरात गुडघा गेला आणि शर्यती संपल्या.

सरकले नसते तर? एवढाच प्रश्न. पण बावीस वर्षं तो तिच्यासोबत राहिला. चादरीची घडी घालताना दोन टोकं जुळायची आणि तेवढ्यात तो यायचा.

अशा बाईवर सिनेमा निघण्याचं काही कारण नव्हतं. पण रुग्णालयात एक तरुण दिग्दर्शक अपेंडिक्स काढून घ्यायला आला. ढाल त्याच्या मजल्यावर चादरी द्यायला गेली, आणि पोटाला टाके असलेला माणूस उठून पळू शकत नाही. तिने तीन दिवसांत त्याला बारा वर्षं सांगितली. दिग्दर्शक हसला की टाके दुखायचे, म्हणून तो हसू दाबून ऐकायचा, आणि ढालीला वाटायचं किती गंभीरपणे ऐकतोय! चौथ्या दिवशी तो म्हणाला, ‘‘ताई, यावर मी सिनेमा करणार.’’ तिला वाटलं भुलीचं औषध उतरलं नसावं.

पण तो खरंच वर्षभराने आला, सोबत जाड वही घेऊन. लाँड्रीतल्या टेबलावर, उशांच्या अभ्र्यांच्या ढिगाशेजारी बसून त्याने तिला गोष्ट वाचून दाखवली. वाफेने पानं मऊ पडत होती. सगळं ठीक होतं. घर जरा जास्त गरीब केलं होतं, नवरा जरा जास्त देखणा केला होता, तिने कशालाच हरकत घेतली नाही. मग शेवट आला. शेवटच्या शर्यतीत दोनशे मीटरची पाटी येते, मागून कॅप्टन ओरडते, आणि नायिका सरकत नाही. जिंकते.

ढालीच्या हातातला अभ्रा खाली पडला. ‘‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’’

‘‘कुणी नाही. मीच रचलं,’’ दिग्दर्शक अभिमानाने म्हणाला. ‘‘ताई, लोक तिकीट काढून बाजूला होणारी बाई बघायला येत नाहीत. त्यांना शेवटी काहीतरी हवं असतं.’’

‘‘हो, मलापण,’’ ढाल म्हणाली. दिग्दर्शकाने तो होकार समजला.

नायिकेचं काम करणारी नटी गोड मुलगी होती. रडायची फार सुंदर. फक्त तिला सायकल येत नव्हती. शिकवली, तर उतारावर तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले. शेवटी चेहऱ्याचे शॉट एका ट्रकवर सायकल बांधून घ्यायचं ठरलं, आणि लांबून दिसणारी, पाठमोरी, पाय मारणारी नायिका म्हणून कुणाला तरी घ्यायचं ठरलं. एवढी चांगली सायकल चालवणारी, त्याच बांध्याची, आणि ताबडतोब मिळणारी बाई एकच होती. ढालीने घरी येऊन सांगितलं, ‘‘आयुष्य माझं, तोंड तिचं, आणि पाय परत माझेच. म्हणजे सिनेमातही कष्टाचं काम मलाच.’’

मग प्रश्न आला मागच्या सायकलींचा. गर्दीसाठी आणलेल्या मुली तीनदा एकमेकींच्या चाकांत गेल्या. घोळक्यात, खांद्याला खांदा लावून चालवायला आयुष्य जावं लागतं. तेव्हा ढालीनेच कॅप्टनला आणि जुन्या प्रतिस्पर्धिनींना फोन लावले. कॅप्टन आली, आणि आणखी नऊ जणी आल्या. कुणी आजी झाली होती, कुणी पाळणाघर चालवत होती, एकीने येताना गुडघ्याला लावायचा पट्टा सगळ्यांसाठी एकेक आणला होता. जुने कपडे चढवताना जे काही झालं त्याचं वर्णन न केलेलं बरं. वेशभूषेच्या बाईने दोन ठिकाणी उसवलं, तीन ठिकाणी शिवलं आणि शेवटी हात टेकले.

शेवटच्या दृश्यासाठी नदीकाठचा सरळ रस्ता सकाळी सहा ते दहा बंद करून मिळाला होता. दहाला पोलीस अडथळे काढणार, त्यात मिनिटाची सूट नाही. डाव्या बाजूला लाकडी कठडे लावले होते, रेघ ओढली होती, पाटी उभी केली होती. दिग्दर्शकाने सगळ्यांना समजावलं. ढालीने पुढे राहायचं, पाटी आली तरी सरकायचं नाही, कॅप्टनने मागून यायचं पण पुढे जायचं नाही, ढालीने जिंकायचं आणि हात वर करायचे. ‘‘सोपं आहे,’’ तो म्हणाला. त्याने आयुष्यात कधी शर्यत केली नव्हती.

पहिला टेक. घोळका आला, पाटी आली, ढाल सुबकपणे उजवीकडे सरकली.

‘‘ताई, सरकायचं नाही!’’

‘‘सरकले का मी?’’ तिला खरंच कळलं नव्हतं.

दुसऱ्या टेकला ती ओठ घट्ट मिटून, डोळे वटारून आली आणि पुन्हा सरकली. तिसऱ्या वेळी दिग्दर्शकाने डोकं लढवलं आणि पाटीच काढून टाकली. पण सरांनी पायांना शिकवलं होतं, डोळ्यांना नाही. जिथे पाटी होती बरोबर तिथेच ढाल बाजूला झाली. डावीकडे मोकळी वाट दिसताच कॅप्टन बंदुकीतून सुटल्यासारखी निघाली, रेघ ओलांडली आणि दोन्ही हात वर करून हसली.

‘‘तुम्ही का जिंकलात?’’ दिग्दर्शक केस उपटायच्या बेताला आला होता.

‘‘हिने वाट दिली,’’ कॅप्टन म्हणाली, ‘‘मग काय करणार?’’

चौथ्या टेकला ढाल चक्क सरकली नाही. सगळे श्वास रोखून बघत होते. आणि पाळणाघरवाली बाई, जी तिच्या उमेदीत एकदाही पहिल्या विसांत आली नव्हती, ती उजव्या बाजूने सगळ्यांना मागे टाकून रेघेपार गेली आणि आनंदाने किंचाळत तशीच पुलापर्यंत गेली. तिला परत आणायला गाडी पाठवावी लागली. ‘‘चूक झाली,’’ ती म्हणाली, पण चेहऱ्यावर चूक झाल्याचं काही दिसत नव्हतं. ‘‘रेघ दिसली की राहवत नाही हो.’’

साडेनऊ वाजले. दिग्दर्शकाने कॅप्टनला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. बाकीच्या नऊ जणींना त्याने आणखी मागे ठेवलं. पाचवा टेक सुरू झाला. ढाल पुढे होती, पाटीची जागा आली, पायांनी उजवीकडे ओढ घेतली. तिने हँडल दाबून धरलं आणि सरळ गेली. सरळ! तिला स्वतःचाच विश्वास बसेना. आणि नेमक्या त्या क्षणी तिला मागे ब्रेकचा आवाज ऐकू आला. बारीक, रबर घासल्याचा. कॅप्टन ब्रेक दाबत होती.

ती तीन सायकली पुढे राहून जिंकली. हात वर केले, सांगितले होते म्हणून. टाळ्या पडल्या, दिग्दर्शकाने कॅमेरावाल्याला मिठी मारली, नटी कडेला उभी राहून सुंदर रडली. सिनेमात जो शेवट आहे तो हाच, पाचवा टेक. बघणाऱ्यांना तो फार आवडतो.

ढालीला मात्र संताप आला होता. बावीस वर्षं एक प्रश्न उराशी बाळगला, आणि आज एवढा सगळा लवाजमा, कॅमेरे, पोलीस, कठडे, तसाच रस्ता, तेच दोनशे मीटर, तीच बाई मागे, आणि उत्तराच्या जागी काय, तर ब्रेकचा आवाज. हे असलं जिंकणं तिला घरी घेऊन जायचं नव्हतं. सांगून उपयोग नव्हता. दिग्दर्शकाचं काम झालं होतं आणि तो चहा मागत होता.

मग तिने जे केलं त्याचं समर्थन करता येत नाही. ती सामानाच्या टेम्पोमागे गेली, पाठीवरच्या खिशातून स्वतःचं घड्याळ काढलं, पावलं मोजणारं, काळं, लखलखीत आकडे दाखवणारं, आणि मनगटावर चढवलं. मग निरागस चेहरा करून ती फाईलवाल्या बाईपाशी गेली. या बाईचं कामच असं, की बावीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीत आजची वस्तू दिसू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं.

‘‘अगं बाई,’’ ढाल म्हणाली, ‘‘हे बघा ना काय झालं. हातात राहून गेलं!’’

फाईलवालीच्या तोंडाचं पाणी पळालं. ती दिग्दर्शकाकडे धावली, दिग्दर्शकाच्या हातातला चहा सांडला. पुढे महिन्याभराने टेक तपासताना त्यांना दिसलं, की मनगट मोकळंच होतं. पण त्या सकाळी तपासायला वेळ कुणाला होता? दहाला सतरा मिनिटं कमी होती. ‘‘परत! सगळ्यांनी परत! एकच टेक मिळेल!’’

घोळका सुरुवातीच्या जागेकडे निघाला. ढाल मुद्दाम कॅप्टनच्या शेजारी आली.

‘‘ब्रेक का दाबलास?’’

‘‘त्यानेच सांगितलं मला.’’

‘‘आता दाबायचा नाही.’’

‘‘अगं, सिनेमा आहे. तू जिंकायचंस असं वहीत लिहिलंय.’’

‘‘वहीत काही का असेना. तू मनापासून ये. मी सरकणार नाही. बघू काय होतं ते.’’

कॅप्टनने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, म्हणजे त्यांच्या मानाने बराच. एरवी या दोघींत एक पाठ असायची आणि एक डोळे. ‘‘माझा गुडघा आता पूर्वीचा नाही,’’ ती म्हणाली.

‘‘माझा तर बावीस वर्षांपूर्वीच गेलाय. कारणं नको सांगूस.’’

‘‘बरं,’’ कॅप्टन म्हणाली. ‘‘मग रडायचं नाही.’’

मागच्या नऊ जणींना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सायकलवाल्या बायकांना असल्या गोष्टी पाठीवरून कळतात. त्यांनी गुपचूप पट्टे आवळले.

सहावा टेक निघाला तो पहिल्यापासूनच निराळा होता. कॅमेऱ्याची गाडी पुढे होती. तिचा चालक नंतर म्हणाला, की मला यांच्यापुढे राहायला गिअर बदलावा लागला. ढाल वाऱ्यात डोकं घालून ओढत होती. नदीवरून वारा समोर येत होता, सकाळपेक्षा वाढलेला. मागे कॅप्टनचा श्वास ऐकू येत होता, ओळखीचा, नाकातून शीळ घालणारा. बाकी सगळं मागे पडलं. रुग्णालय, चादरी, दिग्दर्शक, नटी, काही उरलं नाही. पाटीची जागा आली.

पाय उजवीकडे निघाले. तिने त्यांना अशी काही शिवी दिली की आवाजाच्या यंत्रावर बसलेल्या माणसाने कानांवरचे हेडफोन काढले. ती सरळ गेली. एक पॅडल, दोन, पाच, नऊ, दहा.

‘‘सरक!’’ मागून आरोळी आली. ती अभिनयाची नव्हती. अभिनय कॅप्टनला येतच नव्हता.

‘‘नाही सरकत!’’ ढाल ओरडली.

डावीकडे कठडे होते. कॅप्टनला वळसा घालून उजवीकडून यावं लागलं, लांबून, पूर्ण वारा अंगावर घेत. तिचं पुढचं चाक ढालीच्या घोट्याशी आलं, गुडघ्याशी आलं, हँडलशी आलं. दोघींची तोंडं अशी वेडीवाकडी झाली होती की कुठल्याही सिनेमात ती दाखवता आली नसती. रेघ आली.

कॅप्टनचं चाक एक वीत पुढे होतं.

स्वतःच्या आयुष्यावरच्या सिनेमात, स्वतःच नायिका असताना, ढाल दुसरी आली.

दिग्दर्शक रस्त्यावर मटकन बसला. तेवढ्यात पोलिसाने घड्याळ दाखवलं आणि माणसं कॅमेरे उतरवायला, वायरी गुंडाळायला लागली. कॅप्टन पुढे जाऊन सायकलवरून अक्षरशः गळून पडली आणि कडेच्या गवतात हातपाय पसरून आडवी झाली. ढाल तिच्याशेजारी येऊन बसली. ढालीचं काळीज धडधडत होतं आणि तिला हसू येत होतं. हरली होती, पण ब्रेकचा आवाज आला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला हरवायला पूर्ण जीव ओतला होता, आणि याचा आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

‘‘म्हणजे त्या दिवशीपण मी हरलेच असते,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘बरं झालं. कळलं एकदाचं.’’

कॅप्टन डोळे मिटून पडली होती. मग ती, जिला हळू बोलता येत नव्हतं, ती एकदम हळू बोलली.

‘‘त्या दिवशी माझ्या पायांत काही नव्हतं. शेवटचे तीस किलोमीटर मी नुसती तुझ्या चाकाला लोंबकळत होते. पाटी आली आणि तू सरकली नाहीस. मी मोजली, दहा पॅडलं. आणखी दहा गेली असतीस, तर तुझं चाकच माझ्या हातून सुटलं असतं. मी घाईने नव्हते ओरडले. घाबरून ओरडले होते.’’

ढाल तिच्याकडे वळली. ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘पहिल्या दिवसापासून.’’

‘‘मग बावीस वर्षं सांगितलं का नाहीस?’’

‘‘आधी वाटलं, सांगितलं तर पुढच्या शर्यतीत तू सरकशील का?’’ कॅप्टन म्हणाली. ‘‘मग तुझा गुडघा गेला. नंतर कुठल्या तोंडाने सांगू?’’

ढालीला आधी राग आला, चांगला सणसणीत, कपाळापर्यंत. या बाईच्या एका वाक्यासाठी तिने बावीस वर्षं चादरींच्या घड्यांत डोकं घातलं होतं. मग डोळे भरून आले, आणि ती ते लपवायच्या भानगडीत पडली नाही. तिने बाही ओढून तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि उठून उभी राहिली.

‘‘ऊठ.’’

‘‘काय?’’

‘‘आत्तासुद्धा पाटीपर्यंत वारा मीच कापला. तू मागे होतीस, आरामात. ऊठ, परत जाऊ. या वेळी माझ्या मागे नाही यायचं. शेजारी यायचं.’’

‘‘अगं, कॅमेरे बंद झाले!’’

‘‘होऊ देत.’’

कॅप्टन कण्हत कण्हत उठली. वायरी गुंडाळणारा माणूस ओरडला, दिग्दर्शकाने मान वर केली. पोलीस अडथळा काढायला वाकला होता, तर त्या नऊ जणी जाऊन त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि एकीने त्याला विचारलं, ‘‘पाच मिनिटांनी काय बिघडतंय हो?’’ तो काही बोलायच्या आत बाकीच्या आठ जणीही बोलायला लागल्या, आणि त्याने अडथळा होता तिथेच ठेवला.

दोघी सुरुवातीच्या जागी गेल्या. हँडलला हँडल लावून उभ्या राहिल्या. पाळणाघरवालीने हात खाली केला. शंभर मीटर गेल्यावर नदीवरचा वारा तोंडावर आला, दोघींच्या एकदम, सारखाच. बारा वर्षांत ज्या कॅप्टनने बहुतेक वेळ फक्त ढालीची पाठ पाहिली होती, तिने त्या वाऱ्याला मोठ्याने अशी एक खणखणीत शिवी हासडली, की शेजारून जाणाऱ्या ढालीला हसता हसता पॅडल सांभाळणं कठीण झालं.